टीमानांच्या घरचं बायबल

१

टीमानांच्या पावाच्या दुकानात त्या बुधवारी सकाळी रांग कमी आणि कुरकुर जास्त होती. सोमवारपासून राय धान्याचा काळा पाव मिळत नव्हता.

"हा पांढरा पाव म्हणजे नुसता कापूस," लोहाराची बायको म्हणाली. "माझा नवरा म्हणतो, हे खाऊन हातोडा उचलवत नाही."

"पीठ संपलंय," गल्ल्यामागून लेओनहार्ड टीमान मान वर न करता बोलला. बाल्टिमोरच्या बंदराकडच्या जर्मन वस्तीत एकवीस वर्षं त्याची भट्टी चालू होती. इतक्या वर्षांत त्याच्याकडे काळं पीठ संपल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

रांगेत शेवटी उभी होती हेडविग ओस्टरमान. पन्नाशीची, ठेंगणी, भरदार. सोळा वर्षं या वस्तीत सुईणपण करत होती. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातात पहिल्यांदा रडली होती. लोक पाळकाला सांगत नसत ते तिला सांगत आणि तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळेच कुणाचं काही हरवलं, बिनसलं, की पोलिसांच्या आधी तिच्या दारावर थाप पडायची. तिला ते आवडायचंही. आपलं डोकं चालतं हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि ते लपवायचं कारण तिला कधी दिसलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या दारातून लेओनहार्डची बहीण डोरेट आली. डोक्यावरची टोपी वाकडी, गाल लाल.

"हेडविग! बरं झालं आलीस. आत ये, पाव नंतर घे. आमच्या घरात चोरी झालीय."



"काय गेलं?"

"घरचं बायबल," डोरेट म्हणाली. "आजोबांच्या वेळचं. चांदीच्या कड्यांचं. आणि चोर कोण, तेही मला माहीत आहे. आज संध्याकाळी पाचला शिपाई येतोय तिला न्यायला."

हेडविगने लेओनहार्डकडे पाहिलं. तो पांढरा पाव कागदात गुंडाळत होता. त्याच पावाला तो तिसऱ्यांदा कागद गुंडाळत होता.

२

बैठकीच्या खोलीत डोरेटने कपाट उघडून दाखवलं. वरच्या फळीवर बायबलची जागा रिकामी होती. खाली अंथरलेलं लेसचं कापड नीट घडी करून कडेला ठेवलेलं होतं. शेजारी चांदीचे बारा चमचे.

"चमचे मोजलेस?"

"बाराच्या बारा आहेत."

"चांदीसाठी आलेला चोर बारा चमचे सोडून बारा शेरांचं पुस्तक उचलेल? आणि जाताना कापडाची घडी घालेल?"

"होनोरा चतुर आहे," डोरेट म्हणाली. होनोरा क्विर्क ही त्यांची आयरिश मोलकरीण. "चमचे गेले असते तर लगेच कळलं असतं. बायबलकडे रविवारशिवाय कोण बघतं?"

"मग रविवारचं सांग."

रविवारी दुपारी जेवणानंतर डोरेटने त्यातूनच स्तोत्र वाचलं होतं आणि पुस्तक जागेवर ठेवून कपाटाला कुलूप लावलं होतं. किल्ली दारामागच्या खिळ्याला, सगळ्यांना माहीत. दोन वाजता डोरेट, तिची भाची, म्हणजे लेओनहार्डची मुलगी अल्वीना, आणि अल्वीनाचा होणारा नवरा आर्न्ट बिअरबागेत बँड ऐकायला गेले. लेओनहार्ड आंबवणाच्या गोळ्याला पीठपाणी देऊन चारला तिथे पोचला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, शाळामास्तर लाउक, डोकं दुखतंय म्हणून घरी राहिला. होनोरा तीनपर्यंत स्वयंपाकघरात होती, मग बहिणीकडे गेली. सोमवारी सकाळी डोरेटने चांदीच्या कड्या घासायला कपाट उघडलं, तर पुस्तक गायब.

"सोमवारीच का घासायच्या होत्या?"

"नवे पाळक येणार आहेत ना, उद्या. त्यांचा नियम आहे, लग्नाआधी घरच्या बायबलातली मुलीची जन्मनोंद स्वतः वाचणार आणि मगच लग्न लावणार. जुने पाळक बरे होते, काही विचारायचे नाहीत. आता बायबल नाही म्हणजे लग्न लांबणार."

"नोंदी कुणाच्या हातच्या?"

"वहिनीच्या, इडाच्या. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ती मागची पानं मी उघडलेली नाहीत. लेओनहार्डला आवडत नाही. म्हणतो, इडाचं अक्षर आहे, त्याला हात लावू नकोस." डोरेटचा आवाज जरा खाली आला. मग पुन्हा चढला. "त्यात वाचायचंय काय? अल्वीनाचा जन्म मला पाठ आहे. अठराशे त्रेपन्न साल, दोन फेब्रुवारी, मेणबत्त्यांच्या सणाचा दिवस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ब्रेमेनचं जहाज इथं लागलं. मी आधीच इथं आलेली, धक्क्यावर उभी. इडाने पोरगी माझ्या हातात दिली. मी लाडानं बोट पुढं केलं तर चावली की गं मला! वर चार, खाली दोन, सहा दात. रक्त काढलं! तेव्हाच म्हटलं, ही पोरगी कुणाचं ऐकून घेणार नाही."

हेडविग हसली. मग तिचं हसू ओठांवरच थांबलं.

"सहा? नक्की?"

"जखम माझी होती, मोजले मी."

३

होनोरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. पस्तिशीची विधवा, रुंद खांद्यांची. तिची ट्रंक दाराशी उघडी पडली होती, आतले कपडे उलटेपालटे केलेले.

"तुम्ही पण शोधा," ती म्हणाली. "दोन झगे, एक शाल, नवऱ्याचा फोटो. सगळं झटकून झालंय बाईंचं."

"मला ट्रंक नको. रविवारी तू घरात असताना कुणाची चाहूल लागली?"

"मास्तर अडीचला बाहेर पडले. जिना उतरताना बूट हातात घेतले होते. मी म्हटलं, डोकं दुखतंय म्हणून माणूस पायमोज्यांत हवा खायला जातो की काय! मालक खाली भट्टीत होते. बाकी कुणी नाही."

"हे डोरेटला सांगितलंस?"

"सांगायला विचारावं लागतं, ओस्टरमानबाई. मला कुणी काही विचारलं नाही. मला फक्त सांगितलं, चोर म्हणून." तिने सुरी खाली ठेवली. "मला तुमच्या अक्षरांतलं एक कळत नाही. त्या पुस्तकाचं मी करू काय? सहा वर्षं या घरात राबले. नोकरी गेली तर गेली, मला माझं नाव परत हवंय."

"पाचच्या आत मिळेल," हेडविग म्हणाली.

"इतक्या खात्रीनं?"

"खात्री नसती तर बोलले नसते."

लाउकच्या खोलीचं दार ती न ठोठावताच उघडून आत गेली. मास्तर बारीक, मिशीला तेल लावणारा. गेल्या वर्षी त्याने अल्वीनाला मागणी घातली होती आणि अल्वीनाने ती हसून परत केली होती, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. खुंटीवर त्याचा रविवारचा काळा कोट होता. बाहीपासून खांद्यापर्यंत करड्या पिठाचा पट्टा.

"मास्तर, डोकं कसं आहे?"

"ठीक आहे."

"बूट हातात घेऊन पळालं होतं ना ते, म्हणून विचारलं."

लाउक पांढरा पडला. "मी ते बायबल घेतलं नाही!"

"लग्न मोडलं तर तुम्हालाच आनंद. आणि कोटावर हे पीठ. तुम्ही भट्टीत कशाला गेला होता?"

"गेलोच नाही! शनिवारी दाराशी गिरणीची गाडी उभी होती. गाडीवाल्याने पोतं माझ्या अंगावरूनच टाकलं. सहा पोती, सगळी काळ्या पिठाची. कितीही झटकलं तरी जात नाही ते. त्याच कोटात जावं लागलं मला..." तो थांबला.

"कुठे?"

मास्तर दाराशी गेला, ते नीट लागलंय का पाहिलं आणि अगदी कुजबुजत म्हणाला, "वरच्या गल्लीतल्या गायनमंडळात. त्यांना मुख्य गायक हवा होता. मी आवाज ऐकवून आलो. बाई, ते आमचे प्रतिस्पर्धी, आणि टीमान आमच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत! त्यांनी मला चोर समजलं तरी चालेल, पण हे कळलं तर..."

"घेतलं का तुम्हाला?"

"घेतलं," लाउक म्हणाला आणि घाबरलेल्या तोंडावर क्षणभर अभिमान उमटला. "बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. विचारा त्यांना."

हेडविग जिना उतरताना मध्येच थांबली. सहा दात आणि सहा पोती. तिला दोन्ही मिळालं होतं. आता कुणाच्या तरी तोंडून ते वदवून घ्यायचं उरलं होतं आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं.

४

दुपारी तीनला भट्टी थंड होत आली होती. मदतनीस जेवायला गेला होता. लेओनहार्ड एकटाच लाकडी परात खरवडत होता. भिंतीशी पिठाच्या दोन मोठ्या पेट्या होत्या. पांढऱ्या पिठाची उघडी. दुसरीला कुलूप.

"टीमान," हेडविग स्टुलावर बसत म्हणाली, "मला काळा पाव हवाय."

"पीठ संपलंय, सांगितलं ना."

"शनिवारी सहा पोती उतरली. रविवारी दुकान बंद. सोमवारी सकाळी संपलं. कुणी खाल्लं?"

परात खरवडणं थांबलं.

"आणि रिकाम्या पेटीला कुणी कुलूप लावतं?" ती शांतपणे पुढे बोलली. "सांगते मी काय झालं ते, चुकलं तर थांबवा. पुस्तक घेणाऱ्याने चमच्यांना हात लावला नाही, म्हणजे चांदी नको होती. कापडाची घडी घातली, म्हणजे घाईतही त्या वस्तूबद्दल जीव होता. होनोराला वाचता येत नाही. मास्तर अडीचला बाहेर पडला, त्याला बारा साक्षीदार आहेत. मग घरात उरलं कोण? ज्याने ते घेतलं त्याला ते नष्ट करायचं असतं तर इथं भट्टी आहे. पण त्याला ते जाळवलं नाही. नको ते पान फाडवलंही नाही. म्हणून त्याने ते पिठात पुरलं आणि मदतनिसाचा हात लागू नये म्हणून अख्ख्या वस्तीचा पाव बंद केला."

लेओनहार्ड पेटीसमोर जाऊन उभा राहिला, एखाद्या पोराच्या पुढं बाप उभा राहावा तसा.

"घर माझं, बायबल माझं. मी कुठंही ठेवेन."

"ठेवा. त्यासाठी मी आले नसते. पण पाच वाजता शिपाई येतोय आणि एक बाई तुमच्यामुळं तुरुंगात जाईल."

"मी डोरेटला म्हणालो होतो, पोलीस नको..."

"म्हणालात. पण खरं सांगितलं नाहीत."

तो पिठाने माखलेले हात अंगावरच्या फडक्याला पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"त्या पानावर काय आहे, तेही मला माहीत आहे," हेडविग म्हणाली. आता तिचा आवाज मऊ होता. "तुमच्या बहिणीला पोर झालं नाही, म्हणून तिला एकवीस वर्षांत शंका आली नाही. पण मी सुईण आहे. फेब्रुवारीत जन्मलेलं पोर मे महिन्यात तीन महिन्यांचं असतं. तीन महिन्यांच्या पोराला सहा दात नसतात, टीमान. वर चार, खाली दोन, म्हणजे दहा-अकरा महिने. धक्क्यावर इडाने डोरेटच्या हातात दिली ती मुलगी दुसरी होती."

लेओनहार्ड टीमान पिठाच्या पेटीवर बसला. 

"आमची अल्वीना प्रवासाच्या चौथ्या आठवड्यात गेली," शेवटी तो म्हणाला. "जहाजावर ताप आला होता. कापडात बांधली आणि दर्यात सोडली. इडाला दूध होतं. अंगावरचे कपडे भिजायचे तिचे. शेजारच्या निजायच्या फळीवर टालका म्हणून एक बाई होती, नवरा आधीच वारलेला, एकटीच निघाली होती पोरीला घेऊन. तीन दिवसांनी तीही गेली. पोरगी रडत होती. इडाने कुणाला विचारलं नाही. उचलली आणि छातीशी लावली."

"आणि बंदरावर?"

"कारकुनाने विचारलं, मूल कोणतं? कागदावर अल्वीना होती. मी म्हणालो, हीच. भीती वाटली, काढून घेतील. जहाजातून उतरलेले लोक पांगले. पुढं सांगायचं राहून गेलं आणि मग सांगता येईना. पण इडाने त्याच आठवड्यात बायबलात सगळं लिहिलं. म्हणाली, कारकुनाशी खोटं बोललास ते बोललास, या पुस्तकाशी बोलायचं नाही." त्याने डोळे पुसले, पीठ गालावर पसरलं. "बाई, बायबल हरवलंय म्हटलं की पाळक त्याशिवायही लावतील, लग्न होऊ द्या. मग सांगतो. दहा दिवस."

हेडविगला त्याची दया आली. गेली सोळा वर्षं ती अशी गुपितं जपत आली होती. या घराचंही जपलं असतं. पण वर स्वयंपाकघरात एक उघडी ट्रंक पडली होती.

"माझ्या तोंडून शब्द जाणार नाही," ती उठत म्हणाली. "शिपाई आला तरी नाही. पण होनोराचा हात धरून तो तिला नेईल तेव्हा तुम्ही दुकानात उभे असाल. बघवेल?"

ती दारापर्यंत पोचली आणि मागे कुलपाचा आवाज झाला.

५

साडेचारला दुकानात संध्याकाळचं गिऱ्हाईक जमलं होतं. लेओनहार्ड आतून आला तेव्हा कोपरापर्यंत करडा झाला होता. त्याने ते जाडजूड पुस्तक गल्ल्यावर ठेवलं. पीठ उडालं.

"सगळ्यांनी ऐका," तो म्हणाला. "बायबल मी लपवलं होतं. होनोरा क्विर्कचा काही संबंध नाही. ती या घरात सहा वर्षं आहे आणि तिने कधी साखरेचा खडासुद्धा न विचारता घेतला नाही. हे मी सोमवारीच सांगायला हवं होतं. मी भित्रा, म्हणून सांगितलं नाही."

लोहाराच्या बायकोचं तोंड उघडंच राहिलं. डोरेट आतल्या दारात खांबासारखी उभी.

"तू? लेओनहार्ड, अरे का?"

"आत चल. अल्वीनालाही बोलाव. आर्न्टलाही. डोरेट, आणि आधी होनोराची माफी माग."

डोरेटने मागितली. मान ताठ, आवाज घोगरा, पण सगळ्यांसमोर मागितली. होनोराने ऐकून घेतली.

"माफी घेते," ती म्हणाली, "नोकरी नाही. माझ्या बहिणीचा कपडे धुण्याचा धंदा आहे, तिला हात हवेत." आणि शिपाई आला तेव्हा तीच ट्रंक घेऊन समोरच्या दाराने बाहेर पडत होती. त्याला म्हणाली, "उशीर केलात, साहेब. बंद व्हायची वेळ झाली."

बैठकीत अल्वीनाने ते पान स्वतः वाचलं. उंच, सडपातळ मुलगी. वाचताना ओठ हलत होते. इडाचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. आधी एक जन्म. त्याखाली त्याच नावाचा मृत्यू, दर्यात. आणि त्याखाली: 'टालकाची फेना, गेल्या वर्षीच्या गवतकापणीत जन्मलेली, आज माझी झाली. देवा, हिच्यात आणि तिच्यात मी फरक करणार नाही.'

 आर्न्ट शिडं शिवणारा, जाड बोटांचा, कमी बोलणारा. तोच आधी बोलला.

"माझं लग्न हिच्याशी ठरलंय. पानाशी नाही."

"तू गप्प बस," अल्वीना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. "बाबा, तुम्हाला वाटलं, मला कळलं तर मी तुमची राहणार नाही?"

लेओनहार्डने मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही.

"चार वर्षांमागं आईला मी स्वतःच्या हातांनी शेवटचं न्हाऊ घातलं. ती माझीच आई होती. यात काय बदलणार?" तिने पान बंद केलं नाही. "उद्या पाळक येऊ देत. हेच पान दाखवणार मी. लग्नात नाव अल्वीना फेना असं घ्यायचं. दोन्ही. आणि दोन्ही आयांची नावं मोठ्यानं."

"नव्या पाळकांना चालेल का?" डोरेटने विचारलं.

"आत्या, नाही चाललं तर बंदरात दुसरी चर्चं आहेत."

डोरेट एकाएकी तिच्या गळ्यात पडून रडायला लागली.

गुरुवारी पाळकाने पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि लग्नाची तारीख तीच ठेवली.

हेडविगचं काम संपलं होतं. पण रविवारी चर्चनंतर अल्वीना तिच्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्हीही चला," आणि हेडविग कुठे, कशाला हे न विचारता निघाली. सगळे धक्क्यावर गेले. ऊन लख्ख होतं. तंबाखूची पिंपं भरलेलं एक जहाज दोर सोडत होतं.

अल्वीना पाण्याच्या कडेला थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "एकवीस वर्षं तिच्या नावानं मी जगले. तिच्यासाठी घरात कुणी एक प्रार्थनाही म्हटली नाही. म्हणता आली नसती तुम्हाला. आज म्हणा. आणि मला सांगा, ती कशी होती?"

लेओनहार्डने टोपी काढली. इतकी वर्षं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने घसा खाकरला, पाण्याकडे पाहिलं आणि एक एक शब्द शोधत बोलायला लागला.

"केस काळेभोर होते तिचे. जन्मतःच. इडाला वाटायचं, गळून जातील. गेले नाहीत. आणि झोपेत ती डावी मूठ अशी कानाशी धरायची..."

त्याने स्वतःची मोठी, भाजलेली मूठ कानाशी धरून दाखवली. अल्वीनाने ती आपल्या दोन्ही हातांत घेतली, आणि तो बोलत राहिला.